फोर्ड मॉडेल ए (१९२८–३१) की पहिली मस्टँग (१९६५–६६)? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या दोन गाड्यांमध्ये पस्तीसेक वर्षांचं अंतर आहे, पण दोघी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या रूज कारखान्यात बनल्या. अमेरिकेत पहिली जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस फिरून फिरून याच दोघींपाशी येतो. लाखांनी बनल्या म्हणून त्या अजून मिळतात, आणि मागणी आहे म्हणून त्यांचे सुटे भाग आजही नवे तयार होतात. खालचे प्रश्न घेणाऱ्याच्या मनात येतात त्याच क्रमाने ठेवले आहेत.

दोघींमधला मुख्य फरक एका उत्तरात सांगाल का?

मॉडेल ए चालवायला शिकावी लागते आणि मस्टँग घेण्याआधी तपासावी लागते. मॉडेल एची बॉडी वेगळ्या चॅसीवर बोल्टने बसवलेली आहे. काय सडलंय, काय वाकलंय ते बहुतेक उघड दिसतं, पण ती चालवताना स्पार्क, पेट्रोलचं मिश्रण, गिअरची वेळ हे सगळं चालवणाऱ्याच्या हातात असतं. मस्टँग आजची गाडी चालवणारा कोणीही पाच मिनिटांत चालवू शकतो. मात्र तिला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. गंज त्या पेटीच्या आत लपतो आणि वरून रंग चकाचक असतो. बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात.

आकड्यांत तुलना कशी होते?

मॉडेल ए: चार सिलिंडर, २००.५ घनइंच (३.३ लिटर), २२०० आरपीएमला ४० अश्वशक्ती, तीन गिअर, व्हीलबेस १०३.५ इंच. २ डिसेंबर १९२७ला लोकांसमोर आली आणि सुमारे ४८ लाख बनल्या.

मस्टँग: १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली, सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर, व्हीलबेस १०८ इंच. १९६५च्या नेहमीच्या इंजिनांमध्ये २०० घनइंचाचं सहा सिलिंडरचं (१२० अश्वशक्ती) आणि २८९ घनइंचाचं व्ही-एट (दोन बॅरल कार्ब्युरेटरवर २००, चार बॅरलवर २२५, खास ‘के’ इंजिनात २७१ अश्वशक्ती). म्हणजे मस्टँगचं साधं इंजिन आणि मॉडेल एचं इंजिन मापाने जवळजवळ सारखंच, ताकद मात्र तिप्पट.

मस्टँग रूजखेरीज कॅलिफोर्नियात सॅन होझेला आणि न्यू जर्सीत मेटचनलाही बनत असे. ‘मेटचन’चा कारखाना प्रत्यक्षात शेजारच्या एडिसनच्या हद्दीत होता. आज तिथे मराठी घरं भरपूर आहेत. कारखाना २००४ साली बंद झाला.

हायवेवर न्यायला कुठली?

मस्टँग. मॉडेल ए ताशी ६५ मैलांपर्यंत पळते, पण पळते म्हणून पळवू नये. १९ इंची चाकं आणि ३.७८चा डिफरन्शियल (चाकाच्या एका फेऱ्याला वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे ३.७८ फेरे) धरला तर ताशी ४५ मैलांना तिचं इंजिन सुमारे २००० आरपीएमवर असतं. ६० मैलांना ते २७००च्या आसपास जातं, म्हणजे जास्तीत जास्त ताकद जिथे मिळते तो आकडा मागे टाकून. बेअरिंगला तेल दाबाने मिळत नाही (खाली बॅबिटचा प्रश्न पाहा), त्यामुळे तासभर असं ताणलं की इंजिनाचं आयुष्य झपाट्याने घटतं. मस्टँगचं २८९ त्याच ६० मैलांना ३.००च्या डिफरन्शियलवर साधारण २४०० आरपीएमवर असतं आणि त्याची पूर्ण ताकद ४४००ला येते. ते आरामात चालतं.

मॉडेल ए ४०–४५ मैलांच्या गावरस्त्यांची गाडी आहे आणि त्या रस्त्यांवर तिच्यासारखी मजा मस्टँगमध्ये नाही.

मॉडेल ए थंड असताना सुरू कशी करायची?

क्रम चुकवू नका.

१. गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला आहे, याची खात्री करा.
२. पुढच्या प्रवाशाच्या पायांपाशी, फायरवॉलच्या बाजूला पेट्रोलचा कॉक आहे तो उघडा. (१९३१च्या शेवटच्या गाड्यांत तो बॉनेटखाली आहे.)
३. स्टिअरिंगच्या डावीकडची दांडी स्पार्कची. ती पूर्ण वर, म्हणजे रिटार्ड (ठिणगी उशिरा पडते).
४. उजवीकडची दांडी थ्रॉटलची. ती तीन-चार दाते खाली.
५. डॅशच्या उजव्या बाजूला चोकचा गोल नॉब आहे. तोच फिरवला की मिश्रण बदलतं. थंड इंजिनाला एक पूर्ण फेरा उलटा.
६. चावी चालू करा. चोकचा नॉब ओढून धरा आणि पायाने स्टार्टरचं बटण दाबा. दोन-तीन फेऱ्यांत चोक सोडा. धरून ठेवलात तर प्लग ओले होतील.
७. इंजिन पकडलं की स्पार्कची दांडी लगेच अर्ध्याच्या खाली आणा. आवाज बदलतो, धडधड जाऊन सलग होतो. चालवताना ती बहुतेक पूर्ण खाली असते आणि चढावर इंजिन ठोकू लागलं तर थोडी वर घ्यायची.
८. गरम झाल्यावर मिश्रणाचा नॉब पाव फेऱ्यावर आणा. काही गाड्यांना पूर्ण बंदही चालतो. एका फेऱ्यावरच ठेवून फिरलात तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन काढतं.

गाडी उभी करताना कॉक आठवणीने बंद करा. टाकी काचेच्या खाली, डॅशच्या पुढे आहे आणि पेट्रोल पंपाने नव्हे तर उताराने येतं. कार्ब्युरेटरची सुई नीट बसली नाही तर रात्रभरात टाकीतलं पेट्रोल गॅरेजच्या फरशीवर असेल.

हँडल मारून सुरू करावी का?

बॅटरी उतरली असेल तर जरूर, पण स्पार्क पूर्ण रिटार्ड असल्याशिवाय हँडलला हात लावू नका. ॲडव्हान्स (ठिणगी लवकर) राहिला तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. डावा हात वापरा, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याभोवती गुंडाळू नका. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही.

मॉडेल एचे गिअर कर्कश आवाज का करतात?

सिंक्रोमेश (गिअर घालताना दोन्ही चक्रांचा वेग जुळवणारी रचना) नाही म्हणून. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, क्षणभर थांबा, पुन्हा दाबा आणि वरचा गिअर घाला. खाली येताना न्यूट्रलला क्लच सोडलेला असतानाच ॲक्सिलरेटर किंचित द्यायचा. रिव्हर्स डावीकडे वर आणि पहिला त्याच्या खाली आहे. आजच्या गाडीच्या सवयीने हात वर जातो आणि गाडी मागे येते, तेव्हा आधी रिकाम्या मैदानात सराव करा. गिअरबॉक्सला ६०० डब्ल्यू जातीचं जाड तेल लागतं. पातळ तेल घातलं तर गिअरचं फिरणं थांबायला वेळ लागतो आणि आवाज आणखी वाढतो.

सहा सिलिंडरच्या मस्टँगच्या तीन गिअरच्या बॉक्समध्येही पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला घाला.

मॉडेल एचं टायमिंग घरी करता येतं का?

येतं, आणि त्यासाठी स्ट्रोब लाइटसुद्धा लागत नाही. आधी पॉइंटमधलं (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधलं) अंतर ०.०१८ ते ०.०२२ इंच करून घ्या, कारण ते नंतर बदललं तर टायमिंगही बदलतं. प्लगचं अंतर ०.०३५ इंच.

इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये एक पिन स्क्रूसारखी बसवलेली असते. ती काढून उलटी करा, गोल टोक आत घाला आणि बोटाने हलका दाब ठेवून हँडलने इंजिन हळूहळू फिरवा. स्पार्कची दांडी पूर्ण वर. एका जागी पिन कॅमशाफ्टच्या गिअरवरच्या खळग्यात पडते, बोटाला नीट जाणवतं. पहिला सिलिंडर आता कॉम्प्रेशनच्या टोकाला आहे. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, मधला कॅमचा स्क्रू सैल करा, रोटर पहिल्या सिलिंडरच्या संपर्काकडे आणा आणि पॉइंट नेमके उघडायच्या बेतात असताना स्क्रू घट्ट करा. घट्ट करताना कॅम सरकतो, म्हणून पुन्हा एकदा पाहा. सिलिंडर पुढून मागे मोजले तर फायरिंगचा क्रम १-२-४-३ आहे.

पिन परत सुलटी बसवायला विसरू नका. ती आत राहून स्टार्टर मारला तर फायबरचा टायमिंग गिअर खराब होतो.

मॉडेल एचे ब्रेक भरवशाचे आहेत का?

नीट लावलेले असतील तर हो. तेलाचे ब्रेक नाहीत, पेडलपासून चारही चाकांपर्यंत लोखंडी सळ्या जातात. एक सळी गेली तरी बाकीची चाकं पकडतात. ब्रेक कमी लागतात असं वाटलं की लोक सळ्या आखूड करतात, तिथेच बिघडतं. सळीची लांबी लिव्हरचा कोन ठरवते. झिजलेल्या लायनरची भरपाई ड्रमच्या मागच्या प्लेटवरच्या चौकोनी डोक्याच्या स्क्रूने करायची. चारही चाकं जॅकवर घ्या, पेडल थोडं दाबून अडकवा आणि चाकं हाताने फिरवून पाहा. मागची किंचित आधी पकडली पाहिजेत आणि डावं-उजवं सारखं. मूळ ड्रम पातळ पोलादाचे आहेत, तापले की फुगतात आणि लांब उतारावर पेडल खाली जातं. ओतीव लोखंडाचे ड्रम बसवणं हा या गाडीवरचा सर्वांत योग्य खर्च आहे.

बॅबिट म्हणजे काय, आणि त्याची एवढी धास्ती का?

मॉडेल एच्या इंजिनात आजच्यासारख्या बदलायच्या बेअरिंगच्या वाट्या नाहीत. कथलाचा मऊ मिश्रधातू वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओततात आणि मग मापाला कापतात. तेलाचा पंप तेल वर व्हॉल्व्हच्या कप्प्यात टाकतो, तिथून ते उताराने मेन बेअरिंगला येतं आणि खालच्या ट्रेमध्ये साचतं. रॉडच्या टोकांचे चमचे ते उचलून शिंपडतात. म्हणून तेलाची पातळी कमी पडली की पहिला फटका बॅबिटला बसतो. नवं ओतणारे कारागीर मोजके राहिले आहेत आणि काम महाग आहे.

घेताना इंजिन गरम करून मध्यम वेगावर धरा आणि थ्रॉटल किंचित सोडा. त्या क्षणी टकटक आली तर रॉड सैल आहे. कुठला ते कळण्यासाठी लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेका प्लगचं टोक हेडला टेकवून तो सिलिंडर बंद पाडा. प्लगवर वायर नाही तर उघड्या पितळी पट्ट्या आहेत, त्यामुळे हे सोपं आहे. ज्या सिलिंडरला आवाज दबतो तो रॉड. कॅपखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून थोडी झीज भरून निघते, तेवढी शिल्लक आहे का हे विकणाऱ्याला विचारा.

सहा व्होल्टचं बारा करावं का?

सहा व्होल्टची यंत्रणा ठीक असेल तर गरज नाही. स्टार्टर मंद फिरतो त्याचं कारण बहुतेकदा बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल कोणीतरी लावलेली असते. अर्ध्या व्होल्टेजला करंट दुप्पट लागतो, म्हणून एक किंवा शून्य नंबरची जाड केबल घ्या आणि चॅसीला जिथे टेकते ती जागा घासून चकचकीत करा. या गाडीत बॅटरीचा धन टोक चॅसीला जोडलेला आहे. सवयीने उलटी जोडू नका. कंपनीने फ्यूज एकही दिलेला नव्हता. स्टार्टरपाशी एक बसवा, वायरिंगला आग लागण्याचा धोका त्याने टळतो.

मस्टँग बघायला गेल्यावर आधी काय पाहायचं?

इंजिन नाही. पुढच्या काचेखालचा पत्रा.

वायपरच्या खाली हवा आत यायची जाळी आहे. तिच्याखाली पत्र्याची दुहेरी पेटी असून हीटर आणि हवेच्या भोकांभोवती टोपीसारखे उभे काठ आहेत. साठ वर्षं पानं, माती आणि ओल तिथे साचते, काठ सडतात आणि पावसाचं पाणी थेट पायांखाली येतं. फ्लोअर सडण्याचं मूळ इथे असतं. चांगला विकणारा फ्लोअर नवा घालतो, वरचं भोक तसंच राहतं आणि चार-पाच वर्षांत नवा फ्लोअरही जातो.

तपासणी सोपी आहे. पुढचा गालिचा उचला. एकाने जाळीवर तांब्या-तांब्याने गॅलनभर पाणी सावकाश ओतायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन डॅशखाली उताणं पडायचं. पाणी पुढच्या चाकामागून, दरवाजाच्या पुढे जमिनीवर पडलं पाहिजे. हीटरच्या पेटीवर थेंब दिसले किंवा फ्लोअर ओला झाला तर ते पत्रे बदलावे लागतील. त्यासाठी काच, फेंडर काढून असंख्य स्पॉट वेल्ड ड्रिल करावे लागतात. पाणी ओतू न देणाऱ्या विक्रेत्याकडून आम्ही तरी गाडी घेणार नाही.

त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन खालून पाहा: पुढच्या सीटखालचे पत्रे, फ्रेम रेल, त्याला जोडणारे टॉर्क बॉक्स, बॅटरीखालचा पत्रा आणि डिकीत टाकीभोवतीचा भाग. या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा फ्लोअर असतो. उघड्या टपाची गाडी असेल तर जॅकवर असताना दरवाजे उघडून बंद करा. अडकले तर मधलं अंग वाकतंय. पुढे सस्पेन्शनच्या वरच्या आर्मपाशी शॉक टॉवरला (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर धरणाऱ्या उभ्या पत्र्याला) चिरा आहेत का तेही पाहा, कारण स्प्रिंगचा सगळा भार तिथे येतो.

व्ही-एट मूळची आहे की नंतर बसवलेली?

ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेटखाली, फेंडरच्या आतल्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो. पहिला अंक वर्ष (५ किंवा ६), पुढचं अक्षर कारखाना (एफ डिअरबॉर्न, आर सॅन होझे, टी मेटचन), मग बॉडी (०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक), मग इंजिनाचं अक्षर. ‘टी’ म्हणजे २०० घनइंचाचं सहा सिलिंडर, ‘सी’ म्हणजे दोन बॅरलचं २८९, ‘ए’ म्हणजे चार बॅरलचं, ‘के’ म्हणजे २७१ अश्वशक्तीचं. दरवाजावरच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. दरवाजे बदलले जातात आणि पट्ट्या नव्या मिळतात.

नंबर न पाहताही अंदाज येतो. सहा सिलिंडरच्या चाकाला चार नट, व्ही-एटला पाच. सहावाल्याच्या मागच्या ॲक्सलला मागून बोल्टचं झाकण असतं, व्ही-एटच्या आठ इंचीला नसतं. बॉनेटखाली व्ही-एट आणि चाकाला चारच नट दिसले, तर मोठ्या इंजिनाला छोटे ब्रेक आणि नाजूक ॲक्सल मिळाले आहेत. इंजिनाचं अक्षर ‘टी’ असलेल्या गाडीत व्ही-एट बसवणं वाईट नाही, पण पैसे ‘टी’चेच द्या.

‘साडेचौसष्टची मस्टँग’ म्हणजे काय?

१९६४च्या ऑगस्टआधी बनलेल्या गाड्यांना लोकांनी दिलेलं नाव. कंपनीच्या लेखी सगळ्या १९६५च्याच आणि नंबरही ५ नेच सुरू होतो. ओळखायचं तर डायनामो पाहा. नंतरच्या गाड्यांना अल्टरनेटर आहे.

मस्टँगचे ब्रेक सुधारावे लागतील का?

हो, आणि रंगाआधी. १९६६पर्यंत मास्टर सिलिंडरला एकच कप्पा होता. कुठलाही एक पाइप किंवा व्हील सिलिंडर फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७पासून दोन कप्पे आले, तसा सिलिंडर या गाडीवर बसतो. तुमच्या गाडीला पुढे डिस्क आहे की ड्रम त्याप्रमाणेच सिलिंडर घ्या. ड्रमसाठी पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या पाइपवर राहिला तर पॅड घासत राहतात आणि तापतात.

सहा सिलिंडर की व्ही-एट?

फिरायला घेत असाल तर १९६५पासूनचं २०० घनइंची सहा उत्तम. त्याला सात मेन बेअरिंग आहेत, म्हणून ते गुळगुळीत आणि टिकाऊ. कमतरता एकच: इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, त्यामुळे मोठा कार्ब्युरेटर लावून ताकद वाढवता येत नाही. ताकद हवी असेल तर सुरुवातीपासून ‘सी’ किंवा ‘ए’ घ्या.

तेल आणि पेट्रोल कुठलं?

मॉडेल एला ५ क्वार्ट (४.७ लिटर), फिल्टर नाही, म्हणून दर ५०० मैलांना बदला. २८९लाही फिल्टर धरून ५ क्वार्टच. मस्टँगच्या चपट्या टॅपेटसाठी झिंक असलेलं तेल घ्या, नाहीतर कॅमशाफ्टचे उंचवटे झिजतात. बिनशिशाच्या पेट्रोलची मॉडेल एला अडचण नाही, तिचं कॉम्प्रेशन ४.२२ आहे. मस्टँगला सतत ताण दिला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट खचू शकतात. हेड उघडाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, केवळ त्यासाठी उघडू नका. इथेनॉल जुने रबरी पाइप फुगवतं, दोन्ही गाड्यांचे पाइप आधी बदला.

मॉडेल एचे कागद तपासताना काय पाहायचं?

बहुतेक गाड्यांच्या नोंदी इंजिन नंबरवर आहेत. तो ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत येतं त्याच्या वर ठोकलेला असतो. तोच आकडा चॅसीच्या डाव्या रेलवर आहे, पण बॉडीखाली झाकलेला. इंजिन बदललेलं असेल तर कागद आणि लोखंड जुळत नाहीत. पैसे देण्याआधी तुमच्या राज्यात त्यावर तोडगा काय, ते विचारून घ्या.

भारतात यांचा संबंध आहे का, आणि नोंदणी होते का?

मॉडेल एचा आहे. फोर्डच्या कॅनडा शाखेने १९२६ साली भारतात कंपनी काढली आणि कॅनडातून सुट्या आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या मुंबईसारख्या बंदरांत जोडल्या जात. म्हणून जुन्या मुंबई इलाख्यात ती संस्थानिकांपुरती न राहता डॉक्टर-वकिलांच्या दारातही उभी असे. पहिली मस्टँग आली त्याच्या दहाएक वर्षं आधीच ती कंपनी बंद झाली होती आणि कारखान्यातून ती गाडी डाव्या स्टिअरिंगचीच निघे.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुन्हा नोंदणी ५,००० रुपये. रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. इंजिन किंवा बॉडीत मोठा बदल केलेला चालत नाही, तेव्हा व्ही-एट घातलेल्या ‘टी’ मस्टँगची अडचण इथे पुन्हा उभी राहते. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेचं इशारा दाखवणारं साधन लागतं. मस्टँगचे मूळचे इंडिकेटर आधी दुरुस्त करून घ्या आणि मगच गाडी तपासणीला न्या.